निरंक

आस्थापना तीनमध्ये, माझ्या मागच्या लोखंडी कपाटात
दोनशे अकरा माणसांची अक्षरं आहेत.
अ अधिक, अ, ब अधिक, ब.
क सहसा कुणी देत नाही;
दिला तर लेखी कळवावं लागतं,
आणि कळवलं की माणूस भांडायला येतो.
म्हणून बहुतेक सगळे ब अधिक.
ब अधिक म्हणजे ‘निश्चित चांगला’.
त्यात ‘निश्चित’ कुणी घातलं, कोण जाणे.

चिंधू बेंडकुळे, मोजणीदार.
जन्मतारीख एक जून, गुरुजींनी ठरवलेली,
त्यामुळे निवृत्ती एकतीस मे.
ज्येष्ठता यादीत सातवा. रिक्त पदं सात.
विभागीय चौकशी : निरंक.
ठपका : निरंक.
पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांपैकी चार हजर,
एक निरंक.

वेतनाच्या तक्त्यात दर जुलैला
एक घर खाली उतरायचं, त्याला वाढ म्हणतात.
बढती मिळाली तर एक रांग उजवीकडे.
चौतीस वर्षं तो सरळ खालीच उतरत आलाय.

तो आला तेव्हा हातात खताची पिशवी, आत वह्या.
गंगापूर धरण, पाणीपातळी,
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
पावसाळ्यात दर तासाला.
सगळं पेन्सिलीत, कारण शाई पाण्यात जाते.
‘मॅडम, त्या साली मी धरणावरच व्हतो. हे बघा ना.’

मी बघितलं.
ऑगस्टातली एक रात्र. एक वाजता, दोन वाजता, तीन.
चारचा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला.
खाली शहर तेच पाणी आपल्या पट्टीनं मोजत होतं :
दुतोंड्या मारुतीचे गुडघे, कंबर, छाती.
सराफ बाजारातले लोक माळ्यावर माल चढवत
एकमेकांना फोनवर विचारत होते, किती आलं?
आणि त्या ‘किती’चं उत्तर
वर एक माणूस दातात बॅटरी धरून लिहीत होता.

वही जोडता येत नाही, मी म्हटलं.
विहित नमुन्यात वहीला रकाना नाही.

आवक नोंदवही मी नंतर काढली,
जेवणाच्या सुट्टीत, एकटीनं.
अहवाल आला होता. बंद लिफाफा, एक.
समोर माझी सही,
ऑफिस नव्या इमारतीत हलवलं त्याच्या आदल्या आठवड्यातली.
टेम्पोतून एक गठ्ठा सुटला होता तेव्हा, त्र्यंबक रोडवर.
आम्ही हसत हसत गोळा केला होता.

मी टिपणी टाकली :
‘सदर कालावधीचा अहवाल लिहिला गेलेला नाही.’
‘गहाळ’ लिहिलं असतं
तर कुणाकडून, तेही लिहावं लागलं असतं.
आणि दुसऱ्या एका यादीत
माझं स्वतःचं नाव आहे, अनुक्रमांक तीन.

साहेब प्रशिक्षणाला होते. प्रमाणपत्रावर सही तीसला झाली.
समिती अठ्ठावीसला बसून उठली होती.
सातव्या जागी आठवा गेला. तोही चांगला मुलगा आहे.

एकतीसला शाल, नारळ, कागदी बशीत चिवडा.
भाषणात साहेब दोनदा ‘बेंडाळे’ म्हणाले.
जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.
‘त्या साली मला काय दिलं असंल हो?’

लिफाफा मी उघडला नव्हता. मला खरंच माहीत नाही.
‘ब अधिक,’ मी म्हटलं. ‘निश्चित चांगला.’

त्यानं मान हलवली,
जशी पट्टीवरची ओल बघून कुणी हलवील,
आणि पेढा रुमालात बांधता बांधता
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
सहाला पाच कमी होती.